मोटरच्या पेटीतला तोच जोड पुन्हा पुन्हा जळतो: थिंबल दाबायचं की सोल्डर मारायचं?

एप्रिल लागला की वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. मोटर चांगली, बोअरला पाणी, लाईनही वेळेवर, पण स्टार्टरच्या पेटीतला एक जोड जळतो. जळालेलं टोक कापून वायर पुन्हा कसली की काही दिवस निघतात, मग परत तोच वास आणि तोच काळा स्क्रू. "पुन्हा तेच जयलं भाऊ" असा फोन आला की कोणता फेज हे विचारावंही लागत नाही, मागच्या वेळचाच असतो. आंबिया बहाराची फळं झाडावर आणि पारा ४५ च्या वर असताना ओलिताच्या दोन पाळ्या चुकल्या तर फळगळ ठरलेली. त्यात जोड जळून एक फेज तुटला आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर घरघरत राहिली, तर वाइंडिंगही जातं.

यावर गावात दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, सोल्डर मार, कायमचं पक्कं होते. दुसरा म्हणतो, थिंबल लाव, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवायचं नळीसारखं धातूचं टोक. माझं मत आधीच सांगतो. पेटीतल्या स्क्रूखाली जाणारी, हलणारी किंवा जास्त अँपिअर वाहणारी वायर असेल तर नीट दाबलेलं थिंबलच. सर्किट बोर्ड, बारीक वायर आणि वाइंडिंगची एनॅमल तार इथे सोल्डर. पण या उत्तरातला "नीट दाबलेलं" हा शब्द सोडून दिला तर थिंबलसुद्धा तितकंच जळतं, आणि आपल्याकडची बहुतेक थिंबलं पक्कडीने चेपलेली असतात.

जळालेला तुकडा फेकू नका, आधी बघा

मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, टेस्टर लावून खात्री करा. सिंगल फेजची पेटी असेल तर कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो उतरवल्याशिवाय हात घालू नका. मग जळालेला जोड काढून उजेडात धरा. सगळ्यात जास्त काळं कुठे झालंय, तिथे उत्तर असतं.

थिंबलची नळी, म्हणजे वायर जिथे आत जाते तो भाग, काळी पडली असेल आणि स्क्रूखालचा चपटा भाग बऱ्यापैकी स्वच्छ असेल, तर दाब चुकला आहे. उलट चपटा भाग आणि स्क्रू निळे-काळे झालेत आणि नळी ठीक आहे, तर स्क्रू ढिला होता किंवा वॉशर नव्हता. वायरचं प्लास्टिक टोकापासून वीतभर किंवा त्याहून लांबपर्यंत मऊ पडलं असेल तर दोष जोडाचा नाहीच, वायर मोटरच्या मानाने बारीक आहे किंवा मोटर जास्त अँपिअर ओढते आहे. आणि तिन्ही फेज सारखेच गरम होत असतील तर जोडाला हात लावण्याआधी टाँग टेस्टरने अँपिअर आणि मीटरने व्होल्टेज मोजा. व्होल्टेज पडलं की मोटर तेवढंच काम करायला जास्त अँपिअर ओढते.

एकाच फेजवर हे वारंवार होत असेल तर अजून एक जागा तपासा. त्या फेजचा कॉन्टॅक्टरमधला, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमधला, पॉइंट खड्डे पडून खराब झालेला असतो. त्याची उष्णता पट्टीतून वाहत वायरच्या टोकापर्यंत येते आणि आपण बिचाऱ्या जोडालाच दोष देत बसतो. पॉइंटचा किट बदलल्याशिवाय तिथे सोन्याची वायर लावली तरी जळेल.

एवढासा जोड इतका तापतो कसा

हा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप कळतं. ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल पूर्ण लोडवर साधारण ८ ते १० अँपिअर घेते. खराब जोडाचा अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, समजा पाव ओहम आहे. १० अँपिअरचा वर्ग १००, त्याला पाव ओहमने गुणलं की २५ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचीच असते. म्हणजे तुमच्या पेटीत, त्या स्क्रूवर, रात्रभर एक सोल्डरिंग आयर्न चालू आहे. आणि मोटरला याचा पत्ताही लागत नाही, कारण त्या जोडावर व्होल्टेज फक्त अडीच व्होल्ट पडतं. पाणी तेवढंच, आवाज तोच. नाकाला वास येईपर्यंत कळायला मार्ग नाही.

त्यावर सुरू होतानाचा झटका धरा. डायरेक्ट स्टार्टरवर मोटर सुरू होताना ५ ते ७ पट अँपिअर ओढते. सहापट धरले तर जोडातली उष्णता छत्तीसपट, काही सेकंदांपुरती का होईना. आपल्याकडे आता जवळपास प्रत्येक पेटीला ऑटो, म्हणजे मोटर आपोआप सुरू करणारा स्विच, लावलेला असतो. लाईन आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं आणि तो झटका लांबतो. रात्रीतून लाईन चारदा गेली-आली तर चार झटके. प्रत्येक वेळी जोड तापतो, फुगतो, थंड होऊन आकसतो, आणि थोडा थोडा ढिला होत जातो. ऑटोला वेळ लावायची सोय असते. शेजाऱ्यापेक्षा मिनिटभर उशिरा मोटर उठेल अशी वेळ लावून ठेवा. जोडही वाचतो, डीपीही.

स्क्रूखाली सोल्डर का टिकत नाही

सोल्डर मारलेलं टोक दिसायला सुंदर असतं. वायरीतले सगळे केस, म्हणजे बारीक तारा, एकत्र, चकचकीत, कडक. स्क्रूखाली कसलं की पहिल्या दिवशी घट्टच बसतं. पण नेहमीचं ६०-४० सोल्डर म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. हा मऊ धातू आहे. सतत दाबाखाली ठेवला तर न वितळताही हळूहळू पसरतो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत आणखी लवकर पसरतो. स्क्रू फिरलेला नसतो, पण त्याच्याखालचं सोल्डरच सरकलेलं असतं. पकड ढिली, अडथळा वाढला, उष्णता वाढली, सोल्डर आणखी मऊ. १८३ अंशांना ते वितळायला लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं. पेटीच्या तळाशी चांदीसारखे लहान लहान मणी पडलेले दिसले तर हेच झालं आहे असं समजा.

दुसरं कारण हलण्याचं. सोल्डर मारताना ते केसांच्या मधून वर चढतं, प्लास्टिकच्या आतसुद्धा जातं. जिथे चढायचं थांबतं तिथे कडक आणि लवचीक भागाची सीमा तयार होते. वायर हलली की सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि केस एकेक करून तुटतात. ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये आणि मोनोब्लॉकच्या टर्मिनल बॉक्समध्ये, जिथे मोटर थरथरते, हे हमखास होतं.

"थिंबल दाबून वरून सोल्डर मारलं तर दोन्हीचा फायदा" असं बरेच वायरमन मानतात. मला ते पटत नाही. दाब चांगला असेल तर सोल्डरने त्यात काही भर पडत नाही, उलट वायर मागे कडक होते आणि थिंबलवरची प्लास्टिकची नळी वितळते. दाब वाईट असेल तर सोल्डर तो दोष झाकतं, एवढंच. जुन्या काळी जाड केबलींना सोल्डर भरलेले सॉकेट असत हे खरं, पण त्या केबली भिंतीला जखडलेल्या असायच्या, हलत नव्हत्या.

थिंबल नीट दाबलं म्हणजे काय

एक प्रयोग करून बघा, सगळ्या वादाचा निकाल लागतो. एक थिंबल पक्कडीने दाबा आणि एक रॅचेटवाल्या क्रिम्पिंग टूलने. दोन्ही नळ्या हॅकसॉने मधोमध आडव्या कापा आणि कापलेलं तोंड कानसीने घासून साफ करा. पक्कडीच्या थिंबलमध्ये तारेचे केस ज्वारीच्या दाण्यांसारखे सुटे सुटे दिसतील, मधे फटी. टूलने दाबलेल्यात केसांचे गोल आकारच राहिलेले नसतील, एकमेकांत चेपून तांब्याचा जवळपास सलग तुकडा झालेला दिसेल. त्या सलग तुकड्यात हवा शिरत नाही, ओल शिरत नाही, म्हणून आतलं तांबं काळं पडत नाही. फटी असलेल्या थिंबलमध्ये पावसाळ्याची ओल आत जाते, केसांवर थर चढतो, आणि उन्हाळ्यात लोड आला की तो जळतो.

रॅचेटवाल्या टूलचा फायदा असा की दाब पूर्ण झाल्याशिवाय ते उघडत नाही. हात दुखतो म्हणून अर्धवट सोडता येत नाही. एका रिवाइंडिंगच्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडतं. चार शेतकऱ्यांनी मिळून घेतलं तरी चालेल. १० चौरस मिमीच्या पुढच्या वायरीला मात्र हातातलं छोटं टूल पुरत नाही, मोठं किंवा हायड्रॉलिक लागतं, ते काम वायरमनकडून करून घ्या.

माप बरोबर हवं. प्लास्टिकची नळी असलेल्या थिंबलमध्ये लाल साधारण ०.५ ते १.५ चौरस मिमीच्या वायरीला, निळं १.५ ते २.५ ला, पिवळं ४ ते ६ ला. दुकानात निळं संपलं म्हणून अडीचच्या वायरीला पिवळं लावायचं आणि वायर दुमडून आत कोंबायची, किंवा चारची वायर निळ्यात जात नाही म्हणून चार केस कापून टाकायचे, ही दोन्ही कामं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याच्या दुरुस्तीची आत्ताच केलेली सोय. सगळे केस आत गेले पाहिजेत, टोक नळीच्या पुढे मिलिमीटरभर दिसलं पाहिजे, आणि वायरचं प्लास्टिक तांब्याच्या नळीत शिरता कामा नये. उघड्या, सांधा असलेल्या थिंबलला खाच मारताना सांध्याच्या विरुद्ध बाजूने मारा, नाहीतर सांधा उघडतो. दाबून झालं की थिंबल एका हातात, वायर दुसऱ्या हातात धरून जोरात ओढा. निघून आलं तर आत्ता आलं हे चांगलं झालं.

वॉशरवाल्या स्क्रूला गोल किंवा यू आकाराचं थिंबल. एमसीबीच्या चौकोनी खोबणीत पिन थिंबल. एका थिंबलमध्ये दोन वायरी कोंबू नका.

आणि ज्या गोष्टीमुळे दुरुस्ती केलेला जोड महिन्याभरात पुन्हा जळतो ती अशी: जळालेलं टोक बोटभर कापतात आणि तिथेच नवीन थिंबल दाबतात. पण आतलं तांबं बरंच मागेपर्यंत तपकिरी झालेलं असतं. प्लास्टिक सोला, केस पसरून बघा. लालसर चमक दिसेपर्यंत कापत मागे जा, वीतभर गेली तरी चालेल. वायर कमी पडली तर नवीन तुकडा घ्या. काळ्या केसांवर जगातलं कोणतंही टूल चांगला जोड करू शकत नाही. त्याच वेळी स्क्रू आणि त्याचा स्प्रिंग वॉशरही बदला. एकदा तापून निळा झालेला वॉशर पुन्हा ताण धरत नाही.

ॲल्युमिनियमची वायर असेल तर

खांबापासून पेटीपर्यंतची सर्व्हिस वायर पुष्कळ ठिकाणी ॲल्युमिनियमची असते आणि पेटीतून पुढे तांब्याची. या दोन्ही एकमेकींना पीळ देऊन वर टेप गुंडाळली, की सगळ्यात जास्त जळणारा जोड तयार झाला. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच एक पातळ थर येतो, तो वीज वाहू देत नाही. साधं सोल्डर त्याला धरतच नाही, वरून मणी बनून घरंगळतं. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे पीळ सुटत जातो. दंव पडलं की दोन धातूंच्या मधे गंज सुरू होतो, आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

जमत असेल तर पेटीपर्यंत सलग तांब्याची वायर घ्या. नसेल तर ॲल्युमिनियमच्या वायरीला ॲल्युमिनियमचंच थिंबल, आणि जिथे तांब्याच्या पट्टीवर बसवायचं तिथे बायमेटल थिंबल, म्हणजे नळी ॲल्युमिनियमची आणि चपटा भाग तांब्याचा. वायर तारेच्या ब्रशने घासा आणि घासल्या घासल्या जॉइंटिंग पेस्ट लावून दाबा. चहा पिऊन येऊन दाबाल तर थर परत आलेला असेल. उघड्यावरच्या जोडात ॲल्युमिनियम वर आणि तांबं खाली ठेवा, कारण तांब्यावरून ओघळलेलं पाणी ॲल्युमिनियमला खातं.

जळणारा जोड खांबावर किंवा डीपीवर असेल तर स्वतः चढू नका, कितीही घाई असली तरी. लाइनमनला बोलवा. डीपीवर चढून गेलेल्या माणसांच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो.

बोअर आणि विहिरीतला जोड

इथे माझा सोल्डरला विरोध नाही. पाण्यात बुडालेला जोड थंड राहतो, पाइपला बांधलेला असला तर हलत नाही, आणि स्क्रू तर नसतोच. जुन्या मेकॅनिकांनी तांब्याच्या तारेने बांधून सोल्डर मारलेले जोड वर्षानुवर्षं चालताना दिसतात. तांब्याची नळी दोन्ही बाजूंनी दोन-दोनदा दाबून केलेला जोडही तितकाच चांगला, आणि वावरात आयर्न तापवायची कटकट नाही. सोल्डर मारलंच तर रोझिनचं फ्लक्स वापरा. पत्र्याच्या कामाचं आम्लवालं फ्लक्स आत राहिलं की तांबं खात बसतं.

खालचे जोड जातात ते पाणी शिरून. चपट्या केबलच्या तिन्ही वायरी एकाच जागी जोडू नका, चार-पाच सेंटिमीटरचं अंतर सोडून मागेपुढे जोडा. नळीची धार कानसीने मारा, एखादा केस बाहेर डोकावत असेल तर कापा, नाहीतर तो टेपमधून आरपार जातो. प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी घ्या. ती नसेल तर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून, अर्धी अर्धी चढवत गुंडाळा आणि त्यावर पीव्हीसी टेप. नुसती काळी पीव्हीसी टेप पाण्याखाली उपयोगाची नाही, तिचा गोंद सुटतो.

मोटर सोडण्याआधी जोड पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवा, वायरीची टोकं बाहेर कोरडी. सकाळी वायरमनच्या ५०० व्होल्टच्या मेगरचं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरचं) एक टोक वायरीला आणि दुसरं बादलीतल्या उघड्या तारेला लावा. १ मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर जोड सोडायचाच नाही, आणि नवीन जोडाने त्याच्या कितीतरी पट जास्त दाखवलं पाहिजे. मोटर पुन्हा वर ओढण्यापेक्षा ही एक रात्र स्वस्त.

फवारणी पंप आणि सोलर

बॅटरीवाला फवारणी पंप पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) हंगामात बंद पडतो तो बहुधा स्विचजवळ. स्विचला सोल्डर केलेली वायर, पाठीवर दिवसभर हलणारी. वायर बोटांत धरून हळू वाकवत जा, सोल्डर जिथे संपतं तिथे ती एकदम लुळी पडेल. प्लास्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. बॅटरीच्या पातीला दाबलेलं फिमेल थिंबल लावा, वायरीला थोडा ढिला वेढा ठेवा आणि टायने डब्याला बांधा, म्हणजे हिसका जोडापर्यंत पोचणार नाही. बॅटरीच्या पातीवर थेट सोल्डर मारू नका, उष्णतेने तिथलं सील जातं आणि आम्ल झिरपतं. चार्जिंगच्या बोर्डावरचे जोड मात्र सोल्डरचेच असतात आणि तसेच हवेत.

सोलर पंपाच्या पॅनलचे एमसी-फोर कनेक्टर दाबायचेच असतात, आणि त्यांच्याच टूलने. पिन आणि सॉकेट दोन्ही एकाच कंपनीचे घ्या. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, डीसी कधीच नाही. म्हणून पंप चालू असताना कनेक्टर ओढू नका, आणि उजेड असेपर्यंत पॅनल बंद झालं असं समजू नका. सरकारी योजनेतला पंप हमीत असेल तर आधी पुरवठादाराला कळवा, स्वतः कापाकापी केली तर हमी जाईल.

दुरुस्तीनंतर

मोटर अर्धा तास चालवा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तिन्ही फेजच्या जोडांची तुलना करा, पण मोजताना उघड्या चकचकीत धातूवर रोखू नका, तो खोटं कमी तापमान दाखवतो. शेजारच्या प्लास्टिकवर किंवा टेपवर रोखा. एक जोड बाकी दोनपेक्षा ठळकपणे गरम असेल तर काम झालेलं नाही.

याहून पक्की चाचणी मिलिव्होल्टची. मोटर चालू असताना मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक थिंबलमागच्या तांब्याला आणि दुसरं टर्मिनलच्या धातूला लावायचं. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्टच दिसतात. १० अँपिअरला १०० मिलिव्होल्ट म्हणजे तिथे १ वॅट जळतोय, तो जोड पुन्हा उघडावा. चालू ४१५ व्होल्टच्या पेटीत हे करायचं असल्याने कोरड्या पायाने, चांगल्या प्रोबने आणि सवय असलेल्या वायरमननेच करावं.

आठवडाभराने लाईन पाडून सगळे स्क्रू एकदा पुन्हा कसा. ॲल्युमिनियम असेल तर हे दर हंगामाच्या आधी करा. थिंबल बदललं, वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापली, वॉशर नवा टाकला, कॉन्टॅक्टरचा किटही बदलला, आणि तरी तोच फेज तापत असेल, तर टाँग टेस्टर तिन्ही फेजवर लावून बघा. तिन्ही फेजचं व्होल्टेज सारखं असूनही त्या एका फेजचे अँपिअर बाकी दोनपेक्षा बरेच जास्त असतील तर आता मोटर वर काढायची वेळ आली आहे.